घरी विड्या वळणारी बाई कोणाची कामगार? कायदा, लॉगबुक आणि नव्या संहिता

कात्री_सूप (धागाकर्ता):

सोलापूरचा पूर्व भाग, सिन्नर, संगमनेर, कामठी, भंडारा, गोंदिया. या सगळ्या ठिकाणी विडी घरी वळली जाते आणि विडी कंपनीच्या शाखेत भरली (जमा केली) जाते. बाई पान, तंबाखू आणि सूत शाखेतून आणते. पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापते, वळते, तोंड मोडते, सूत बांधते, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करते आणि नेऊन देते. मजुरी ठरते हजार विड्यांवर. हजार विड्यांना साधारण 200 ते 250 ग्रॅम तंबाखू लागतो. पान किती लागेल ते पानावर अवलंबून असते. चांगले असेल तर अर्ध्या किलोच्या आसपास भागते, भोकाचे किंवा शिरा जाड असलेले असेल तर 700 ग्रॅमही पुरत नाही.

ही बाई कोणाची कामगार, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : कोणाचीच नाही, घरबसल्या चार पैसे मिळवते. हे उत्तर कायद्याला मान्य नाही, निदान 1966 पासून तरी नाही. त्याआधी मात्र न्यायालयांतच ओढाताण चालली होती. 1958 साली चिंतामण राव खटल्यात सागर जिल्ह्यातले सट्टेदार (कारखान्याचा माल घेऊन विड्या करून देणारे मध्यस्थ) हे स्वतंत्र ठेकेदार ठरले, कारखान्याचे कामगार नाहीत. 1961 साली नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात कारखान्यात बसून नगावर विड्या वळणारे लोक कामगार ठरले. ते आपल्या वेळेने येत-जात असले, तरी निकृष्ट विडी नाकारायचा अधिकार मालकाकडे होता आणि तेवढे नियंत्रण पुरेसे मानले गेले. त्याच वर्षी सिन्नरच्या शंकर बालाजी वाजे खटल्यात जवळपास तशाच कामाबद्दल निकाल उलटा लागला, दोन विरुद्ध एक मतांनी. तीन वर्षांत एकाच धंद्याबद्दल तीन निकाल, तीन सूर. हा गोंधळ मिटवायलाच 1966 चा विडी आणि सिगार कामगार कायदा आला.

त्या कायद्यातली व्याख्या सरळ आहे. मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिला आणि घरी विडी करून घेतली, तर ती करणारी व्यक्ती कर्मचारी. पगार मिळो न मिळो, थेट मालकाकडून काम येवो वा मध्यस्थाकडून. 1974 साली मंगळूर गणेश विडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या आणि 1966 चा कायदा रद्द झाला. म्हणून हा धागा. जुने हक्क कुठे गेले, कोणते टिकले, आणि आज शाखेत उभे राहून काय मागायचे, यावर जाणकारांनी नेमके लिहावे.

---

वकिली_चष्मा:

मध्यस्थाचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. कंपनी म्हणते आमचा संबंध ठेकेदाराशी, ठेकेदार म्हणतो माल कंपनीचा. सेलमच्या डी. सी. दिवाण मोहिदीन साहेब खटल्यात (निकाल 1964) सर्वोच्च न्यायालयाने हा पडदा बाजूला केला. ठेकेदाराकडे स्वतःचे भांडवल नव्हते, पान-तंबाखू कंपनीचा, तयार विडी कंपनीकडेच परत. म्हणजे तो नावाचा ठेकेदार, प्रत्यक्षात कंपनीचा हस्तक. कामगार कंपनीचे.

दुसरा महत्त्वाचा निकाल पी. एम. पटेल अँड सन्स, 1985. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी 1977 साली लागू झाला, तेव्हा मालकांनी हरकत घेतली की घरी बसणाऱ्यांवर आमची देखरेखच नाही. न्यायालयाने सांगितले की विडी परत घेताना ती तपासायचा आणि नाकारायचा अधिकार हीच देखरेख. घरी काम करणाऱ्या विडी कामगारांना निधी लागू झाला तो या आधारावर.

म्हणून कोणी विचारले की तुमची नोकरी कशावरून, तर उत्तर दोन गोष्टींत आहे. माल कोणाचा, आणि छाट (नाकारलेली विडी) कोण काढतो?

---

पूर्वभाग:

छाटीबद्दल थोडे सविस्तर.

शाखेत विडी घेणारा माणूस जुडी हातात घेऊन तोंड बघतो, दाबून बघतो, लांबी बघतो. सैल, वाकडी, तोंड उघडे, पान फाटलेले, अशा विड्या काढतो. हजारामागे चाळीस-साठ सहज जातात. यात खरी वाईट विडी किती आणि हिशेबाची किती, ते ओळखायची एक सोपी खूण आहे. काढलेली विडी बाईसमोर मोडली जाते की बाजूच्या टोपलीत जाते, ते पाहायचे. टोपलीत गेली तर ती विकली जाणार. म्हणजे माल गेला, श्रम गेले आणि मजुरीही गेली.

1966 च्या कायद्यात कलम 39 खाली माल देणे, विडी नाकारणे आणि नाकारलेल्या विडीची मजुरी या तीन गोष्टींवरचे तंटे झटपट सोडवायला वेगळा अधिकारी होता. राज्याच्या नियमांत छाटीच्या टक्केवारीला मर्यादाही होती. संहितांमधल्या तरतुदीनुसार जुने नियम नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात. म्हणून छाटीच्या तक्रारीत जुन्या नियमाचा उल्लेख अवश्य करा, तो संपला असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागा.

दुसरी मेख पानात आहे. हजाराचे पान म्हणून जे वजन देतात त्यात साडेआठशेच निघतात. उरलेल्या दीडशेचे पान बाई बाजारातून विकत आणते. दर कागदावर पूर्ण दिसतो, पण त्यातून पानाचे पैसे वजा झालेले असतात, आणि ते कुठेच नोंदले जात नाहीत. पान घेतानाच वजन करून लॉगबुकात लिहून घ्यायला हवे, आणि पान खराब असेल तर त्याच रकान्यात 'पान खराब' असे लिहायला लावायचे.

---

आकडेमोड:

लॉगबुकात काय असायला हवे ते लिहितो, कारण पुढचे सगळे हक्क याच वहीवर उभे आहेत.

तारीख, दिलेल्या पानाचे वजन, तंबाखूचे वजन, सूत, परत आणलेल्या विड्या, छाट, मजुरी मिळालेल्या विड्या, रक्कम, निधीची कपात, सही. घरी काम देणाऱ्या मालकाने ही नोंद ठेवणे 1966 च्या कायद्यात बंधनकारकच होते. बहुतेक शाखांत मधले तीन रकाने रिकामे असतात आणि 'आणले 1000, भरले 940' एवढेच लिहितात. त्या 60 चे काय झाले ते कुठेच दिसत नाही.

त्याहून घातक प्रकार म्हणजे दोन दिवसांचे काम एका तारखेवर टाकणे. सोमवारी आणि मंगळवारी सहाशे-सहाशे भरले, तर बुधवारी एकदम बाराशे लिहितात. मजुरी तीच राहते, पण कामाचा एक दिवस गेला. कामाचे दिवस कमी झाले की रजा कमी, प्रसूतीलाभाला लागणारे 80 दिवस भरत नाहीत, बोनसचे 30 दिवसही धोक्यात.

घरी काम करणाऱ्या बाईचा 'दिवस' कसा मोजायचा हे 1966 च्या कायद्यात स्पष्ट होते : मध्यरात्रीपासून पुढच्या 24 तासांत तिने विडीचे जेवढा वेळ काम केले, तो एक दिवस. पूर्ण हजार भरले पाहिजेत अशी अट नव्हती. तीनशे वळल्या तरी दिवस मोजला जाई.

रजेचा हिशेब 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा. 240 दिवस भरले तर 12 दिवस. रजेचा पगार लगतच्या महिन्यात ज्या दिवशी काम केले त्या दिवसांच्या सरासरीने.

---

वकिली_चष्मा:

आकडेमोड यांचा शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी नीट वाचा, कारण नेमके तिथेच संहितेने फरक केला आहे.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत 20 दिवसांमागे एक रजा कायम आहे, पण वर्षात 180 दिवस काम झालेले असण्याची अट आहे. 1966 च्या कायद्यात अशी अट नव्हती. आता बघा, बऱ्याच शाखा आठवड्यातून तीनच दिवस पान देतात. 52 आठवडे गुणिले 3 म्हणजे 156. सगळे वर्ष एकही दिवस न चुकवता काम करूनही ती बाई 180 ला पोचत नाही. जुन्या हिशेबाने तिला जवळपास 8 दिवसांची रजा होती, नव्या हिशेबाने शून्य. पान किती दिवस द्यायचे हे शाखेच्या हातात, आणि भुर्दंड बाईला.

यावर मागणी करायची तर ती नेमकी करा : पान न दिलेले दिवस 'काम न दिल्याचे दिवस' म्हणून नोंदवा, आणि ते या 180 मध्ये धरा. ही नोंदच नसेल तर पुढे कोणत्याही मंचावर बोलायला आधार राहणार नाही.

---

श्रमिका:

घरी काम करणारी विडी कामगार नव्या संहितेत 'कर्मचारी' राहिली का, याबद्दल कोणी लिहिले नाही. व्याख्येत तर ती आता दिसत नाही.

---

वकिली_चष्मा:

बरोबर आहे श्रमिकाताई, मूळ प्रश्न तोच.

व्यावसायिक सुरक्षा संहितेत विडीचा वेगळा भाग आहे (कलमे 74 ते 77). कलम 76 मध्ये कर्मचाऱ्यांना कारखान्याबाहेर काम द्यायची परवानगी आणि कलम 77 मध्ये घरगुती उद्योगाला सूट. सूट अशी की स्वतःच्या घरात कुटुंबाच्या मदतीने धंदा करणाऱ्याला हा भाग लागू नाही. पण पुढचे परंतुक (सुटीवरची अट) महत्त्वाचे आहे : असा माणूस कोणा मालकाचा कर्मचारी नसेल तरच ही सूट. शाखेतून पान आणणारीला या सवलतीत बसवता येत नाही.

गेले ते व्याख्येतले 'घरी काम करणारी' असे थेट शब्द. आता कर्मचारी म्हणजे आस्थापनेने वेतनावर कामाला लावलेली व्यक्ती. म्हणून बिरधीचंद, दिवाण मोहिदीन आणि पी. एम. पटेल हे निकाल पूर्वीपेक्षा जास्त कामाचे झाले आहेत. बाई आस्थापनेने कामाला लावलेली आहे हे कायदा स्वतःहून सांगत होता, आता ते दाखवावे लागेल.

सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरून काम करणारा कामगार' अशी वेगळी व्याख्या आहे. मालकासाठी स्वतःच्या घरी किंवा पसंतीच्या जागी माल बनवणारा, साहित्य मालकाने दिलेले असो वा नसो. ऐकायला बरे वाटते. पण असंघटित कामगाराच्या व्याख्येत हाच माणूस घातला आहे, म्हणजे त्याच्या वाट्याला निधी, ग्रॅच्युइटी नाही, सरकार जाहीर करेल त्या योजना. विडी मालक उद्या म्हणू लागतील की या सगळ्या बायका 'घरून काम करणाऱ्या', यांचा निधी आम्ही का भरावा? हे टाळायला आज चालू असलेले निधीचे खाते चालू ठेवणे फार गरजेचे आहे.

---

आकडेमोड:

त्याला जोडून, ई-श्रम. ऑगस्ट 2021 पासून नोंदणी सुरू आहे, 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांसाठी. अट अशी की नोंदणी करणारा भविष्य निर्वाह निधीचा किंवा कर्मचारी राज्य विम्याचा सभासद नसावा. गल्लीतल्या शिबिरात सगळ्यांचीच नावे घालतात. ज्यांची निधीची कपात होते त्यांनी तिथे स्वतःला असंघटित म्हणून नोंदवू नये. मालकाच्या वकिलाच्या हाती आयता कागद जातो.

निधीत विडी उद्योगाचा दर 10 टक्के, दोन्ही बाजूंनी. मालकाच्या हिश्श्यातले 8.33 पेन्शनला जातात. पेन्शन मिळायला 10 वर्षांची पात्र सेवा आणि 58 वय लागते, किमान 1000 रुपये महिना. रक्कम तुटपुंजी आहे, पण शाखेशी नाते सिद्ध करणारा याहून भक्कम पुरावा दुसरा नाही.

अडकते ते नावात. आधारवर सासरचे नाव, शाखेच्या रजिस्टरला माहेरचे, जन्मतारीख अंदाजे 1 जानेवारी किंवा 1 जून. तेलुगू आडनावाचे देवनागरीत एक आणि इंग्रजीत तिसरेच. काम चालू असतानाच मालकाच्या सहीने संयुक्त घोषणापत्र देऊन ही दुरुस्ती करून घ्या. शाखा बंद पडल्यावर सही कोण देणार?

---

फॉलपिको:

मी विडीतली नाही. शिलाईचे काम घरी करणाऱ्या, साड्यांना फॉल लावणाऱ्या, इमिटेशनचे मणी ओवणाऱ्या, राख्या बनवणाऱ्या बायकांचे काय? शिलाई मशीन स्वतःचे असेल तर कामगार म्हणून दावा पडतो का?

---

वकिली_चष्मा:

मशीन हा एकटा मुद्दा निर्णायक नाही. हैदराबादकडचा सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस खटला (1973) बघा. नगावर शिवणारे शिंपी, काही जण काम घरीही नेत. मशीन दुकानाची होती आणि न्यायालयाने तो मुद्दा जरूर धरला, पण शिवण न आवडल्यास परत करून पुन्हा शिवायला लावायचा दुकानदाराचा अधिकारही तितकाच धरला. ते कर्मचारी ठरले.

तुमच्या क्षेत्राचे खरे नुकसान वेतन संहितेत झाले आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येतच बाहेर काम करणारी व्यक्ती होती : ज्याला दुसऱ्याने माल दिला, तो शिवायला, धुवायला, सजवायला, दुरुस्त करायला, आणि हे काम त्याच्या घरी होते. संहितेतल्या व्याख्येत हे शब्द नाहीत. सरकार एखाद्याला कर्मचारी म्हणून जाहीर करू शकते एवढी सोय आहे. मणी ओवणाऱ्यांच्या संघटनांनी राज्याकडे हीच मागणी करायला हवी, कारण त्यांच्यामागे विडीसारखे निकाल उभे नाहीत.

एक गोष्ट मात्र कामाची. नगाचा किमान दर ठरलेला नसेल आणि वेळेचा ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्याला वेळेच्या दरापेक्षा कमी देता येत नाही. म्हणून एका डझनाला किती वेळ लागतो हे तीन-चार जणींनी घड्याळ लावून लिहून ठेवा. किमान वेतनाचा दावा पूर्वी 6 महिन्यांत करावा लागे, संहितेत 3 वर्षांची मुदत आहे.

---

सिन्नरी_नोंद:

लिज्जतचे उदाहरण लोक इथे हमखास देतात म्हणून लिहिते. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेली ती संस्था. तिथेही पीठ केंद्रातून घरी न्यायचे, पापड लाटून परत आणायचे, तपासून घ्यायचे, वणई (लाटायची मजुरी) वजनावर. काम बघितले तर विडीसारखेच. पण तिथे लाटणारी 'बहीण' सभासद असते, नफ्यात वाटेकरी असते. त्यामुळे 'लिज्जतमध्ये कुठे निधी मागतात' हा शाखेतला युक्तिवाद विडीला लागू होत नाही. नफ्यात वाटा द्या, मग तुलना करा.

---

श्रमिका:

खरेदी-विक्री पद्धतीबद्दलही लिहा कोणीतरी. अनेक ठिकाणी पान-तंबाखू 'विकला' आणि विडी 'विकत घेतली' अशा पावत्या करतात.

---

पूर्वभाग:

ती पद्धत जुनीच आहे, आणि तिचा हेतू कामगार हा शब्द कागदावरून पुसणे एवढाच. तोडगा असा : त्या पावत्या फेकू नका, उलट सगळ्या जपून ठेवा. पान 'विकणारा' आणि विडी 'घेणारा' एकच, दर तोच ठरवतो, छाट तोच काढतो, आणि ती विडी दुसऱ्या कोणाला विकायची मुभा बाईला नाही, हे त्याच पावत्यांवरून दिसते. चार-सहा महिन्यांच्या सलग पावत्या एकत्र ठेवल्या की व्यापार आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

आणि कार्डाचा मुद्दा. घरात सासू, सून, मुलगी तिघी वळतात, कार्ड एकीच्या नावावर. शाखेच्या दृष्टीने कामगार एकच. सासू साठीला आली की हिशेब मिटतो आणि वीस वर्षे वळलेल्या सुनेच्या नावावर काहीच नसते. प्रत्येकीचे वेगळे लॉगबुक, वेगळे ओळखपत्र. शाखा 'नवीन कार्ड बंद आहे' म्हणते तेव्हा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठीही (विडी कामगार कल्याण निधीतून पहिलीपासून, वर्षाला 1000 ते 25,000 रुपये) ओळखपत्र आणि किमान 6 महिन्यांचे काम लागते.

---

सिन्नरी_नोंद:

कल्याण निधीचा उपकर 2017 मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला, तेव्हा निधीच संपला असे शाखेत सांगतात. 1976 चा विडी कामगार कल्याण निधी कायदा सामाजिक सुरक्षा संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत नाही. उपकर गेला, निधीचा कायदा आहे. दवाखाने आणि शिष्यवृत्तीसाठी नागपूरच्या कल्याण आयुक्तांकडे अर्ज करायचा.

---

श्रमिका:

प्रसूतीबद्दल एकच शंका. शाखा म्हणते विडीवालीला पूर्ण लागू नाही.

---

वकिली_चष्मा:

अर्धे खरे. 1966 च्या कायद्यात घरी काम करणाऱ्या विडी कामगारांसाठी प्रसूती कायद्याची दोन कलमे वगळली होती, वैद्यकीय बोनसचे (कलम 8) आणि गर्भारपण-बाळंतपणातून आलेल्या आजारपणाच्या जादा रजेचे (कलम 10). मूळ लाभ लागूच होता आणि आहे : आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम, पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, लगतच्या 3 महिन्यांच्या सरासरी रोजाने. शाखा त्या दोन कलमांचे नाव पुढे करून सगळाच लाभ नाकारते. नोटीस बाळंतपणाआधी लेखी द्या, सोबत लॉगबुकाची झेरॉक्स.

---

आकडेमोड:

निधीची थकबाकी असेल तर मुदत लक्षात ठेवा. जुन्या निधी कायद्याच्या कलम 7अ खालच्या थकबाकी चौकशीला कालमर्यादा नव्हती. सामाजिक सुरक्षा संहितेत 5 वर्षांपेक्षा जुन्या वादावर चौकशी सुरू करता येत नाही. 2021-22 पासून कपात होऊनही खात्यात भरणा दिसत नसेल, तर पासबुक आजच काढा आणि क्षेत्रीय निधी कार्यालयात लेखी तक्रार द्या. तक्रारीत शाखेचे नाव, कंपनीचा निधी कोड, कपात दिसणारी लॉगबुकाची पाने आणि महिनावार तक्ता जोडा. कंपनीने दोन-तीन नावांनी फर्म केलेल्या असतील तर सगळ्यांची नावे घाला आणि विडी कोणत्या एका छापाखाली विकली जाते ते लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.